नजर बसेपर्यंत

एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारख्या ऊती गर्भाशयाबाहेर वाढतात: बीजकोशावर, ओटीपोटाच्या आतल्या पातळ आवरणावर, गुदाशयाच्या पुढच्या भिंतीवर, मूत्रवाहिनीच्या आजूबाजूला. पाळीच्या चक्राबरोबर तिथे सूज येते, वर्षानुवर्षं तेच घडत राहिलं की व्रण धरतो आणि शेजारचे अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातल्या १९ कोटी स्त्रिया व मुलींना हा आजार आहे. आजार इतका सर्रास असूनही त्याची शस्त्रक्रिया हेच मुख्य काम मानणारे स्त्रीरोगतज्ज्ञ मोजकेच भेटतात. असं का, याचं उत्तर या पेशाच्या घडणीत सापडतं.

महाराष्ट्रात ही वाट इतरांसारखीच सुरू होते. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं एमबीबीएस, सरकारी महाविद्यालय असेल तर सक्तीच्या सेवेच्या बाँडचं एक वर्ष, मग प्रवेशपरीक्षा आणि तीन वर्षांचं एमएस. निवासी डॉक्टरची ही तीन वर्षं बहुतांशी लेबर रूममध्ये जातात. अडलेली बाळंतपणं, रात्री-अपरात्रीची सिझेरियन, झटके येणारी गर्भवती, न थांबणारा रक्तस्राव. जिथे मिनिटांवर जीव असतो, तिथे पाळीत पोट दुखणाऱ्या मुलीकडे वेळ देऊन बघायला कोणाला फुरसत नसते, आणि त्यात कोणाचा दोषही नाही. एंडोमेट्रिओसिस परीक्षेपुरता वाचला जातो. ‘चॉकलेट सिस्ट’ (बीजकोशातली जुन्या रक्ताने भरलेली गाठ) आणि ‘बंदुकीच्या दारूने पोळल्यासारखे काळे डाग’ एवढं लिहिलं की गुण मिळतात. या एकाच आजाराला वाहिलेली सुपरस्पेशालिटीची पदवी आपल्याकडे नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची फेलोशिप करायची आणि मग ज्याच्याकडे असे रुग्ण येतात अशा ज्येष्ठ सर्जनच्या हाताखाली राहायचं, हीच रीत.

हाताखाली राहणं म्हणजे आधी कॅमेरा धरणं. प्रस्तुत लेखिकेचीही सुरुवात त्यानेच झाली. क्षितिज सरळ ठेवायचं, सर्जनच्या हातांच्या अर्धा क्षण आधी पुढे जायचं, भिंगावर वाफ धरली की बाहेर काढून थर्मासमधल्या गरम सलाइनमध्ये बुडवायचं, पुसायचं, पुन्हा आत घालायचं. काम कंटाळवाणं वाटतं, पण नजर याच काळात बसते. एकाच ओटीपोटाकडे चार-पाच तास टक लावून बघण्याची संधी पुढे स्वतः ऑपरेशन करताना मिळत नाही, कारण तेव्हा अर्धं लक्ष हातांत असतं.

या नजरेलाही इतिहास आहे. अमेरिकेतल्या ऑल्बनी शहरातल्या जॉन सॅम्पसन यांनी १९२१ साली बीजकोशातल्या चॉकलेट सिस्टचं सविस्तर वर्णन केलं आणि १९२७ मध्ये पाळीचं रक्त बीजवाहिन्यांतून उलटं पोटात जाऊन आजार रुजतो, असा सिद्धान्त मांडला. तो सिद्धान्त आजही शिकवला जातो, मात्र एकट्याने तो पुरा पडत नाही. उलटा प्रवाह बहुतेक स्त्रियांमध्ये होतो, आजार सगळ्यांना होत नाही. जर्मनीतल्या कील इथल्या कुर्ट झेम यांनी पोटात वायू भरणारं स्वयंचलित यंत्र आणि दुर्बिणीची कितीतरी अवजारं घडवली. १९८० मध्ये त्यांनी दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं, तेव्हा जनरल सर्जन मंडळींनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. पुढे इराणमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत काम करणारे कामरान नेझात यांनी नळीला डोळा लावून वाकण्याऐवजी ताठ उभं राहून पडद्यावर बघत शस्त्रक्रिया करण्याचा आग्रह धरला. मदतनीसांनाही तेच दिसू लागलं, आणि मोठी ऑपरेशनं दुर्बिणीतून करणं शक्य झालं.

पण काय बघायचं हे बदललं ते ऑरेगन राज्यातल्या बेंड नावाच्या छोट्या गावातून. डेव्हिड रेडवाइन तिथे व्यवसाय करत. कुठल्या बड्या विद्यापीठाचं पाठबळ नसताना त्यांनी आपल्या रुग्णांच्या ओटीपोटातला प्रत्येक संशयित डाग नोंदवला, कापून काढला, सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतला. १९८७ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की आजाराचा रंग वयाप्रमाणे बदलतो. कमी वयात तो पाण्यासारखा पारदर्शक, लालसर किंवा पांढरट असतो आणि पाठ्यपुस्तकातला काळा डाग बऱ्याच उशिरा दिसतो. म्हणजे फक्त काळं शोधणाऱ्या सर्जनला सतरा-अठरा वर्षांच्या मुलीचं पोट ‘नॉर्मल’ दिसणार, आणि दुखणं तिच्या मनाचे खेळ ठरणार. पारदर्शक फोड दिसावेत म्हणून रेडवाइन एक साधी युक्ती करत. पोटात साचलेला रक्तमिश्रित द्रव ओटीपोटाच्या आतल्या आवरणावरून ओघळू द्यायचा. सपाट जागेवरून तो वाहून जातो, फोडांच्या कडांशी लाल रेघ राहते. यंत्रसामग्रीवर कोट्यवधी खर्च करणाऱ्या इस्पितळांतही ही बिनपैशाची युक्ती वापरण्याजोगी आहे, असं प्रस्तुत लेखिकेचं मत आहे.

रेडवाइन यांचा दुसरा आग्रह आजार जाळण्यापेक्षा मुळासकट कापून काढण्याचा होता. वरवरच्या डागांबाबत दोन्ही पद्धतींत किती फरक पडतो, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. खोल रुतलेल्या आजाराला मात्र वरून चटका देऊन भागत नाही. खाली काय उरलं ते कळत नाही, आणि पॅथॉलॉजीला पाठवायला तुकडाही उरत नाही.

ओपीडीतलं काम वेगळंच कसब मागतं. मुलगी आईबरोबर येते आणि बहुतेक प्रश्नांची उत्तरं आईच देते. “आमच्या घरात सगळ्यांनाच दुखतं हो, डॉक्टर. हिच्या मावशीची तर पिशवी काढली.” आईच्या लेखी ही तक्रार मोडीत काढणारी गोष्ट असते, सर्जनसाठी तोच पहिला धागा, कारण आई-बहिणीला हा आजार असेल तर मुलीला होण्याची शक्यता वाढते. मग आईला म्हणावं लागतं, “काकू, पाच मिनिटं बाहेर बसता का?” दार लागल्यावर खरा इतिहास निघतो. पाळीच्या दिवसांत शौचाला बसताना कळ येते का? लघवीला दुखतं का? पाळीत उजवा खांदा दुखतो का? हा शेवटचा प्रश्न विचित्र वाटतो, पण आजार श्वासपटलावर असेल तर वेदना खांद्यात उमटते, आणि तो तिथे बहुधा उजव्या बाजूलाच असतो. फाइलमध्ये सोनोग्राफीचे ‘नॉर्मल’ रिपोर्ट असतात आणि पर्समध्ये मेफ्टाल-स्पास या वेदनाशामक गोळ्यांची पाकिटं. साध्या पोटावरच्या सोनोग्राफीत चॉकलेट सिस्ट दिसते, रुतलेला आजार सहसा निसटतो. त्यासाठी योनिमार्गातून, प्रशिक्षित हाताने केलेली सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो. अविवाहित मुलींमध्ये पहिला मार्ग आपल्याकडे बहुधा टाळतात, म्हणून गुदमार्गातून सोनोग्राफी किंवा थेट एमआरआय.

‘लग्न झालं की थांबेल’, ‘एक मूल झालं की सगळं सुरळीत होईल’ हे सल्ले शेजारपाजारचे असते तर एक वेळ चाललं असतं. ते प्रिस्क्रिप्शन देणाऱ्यांच्या तोंडूनही ऐकू येतात. गरोदरपणात पाळी बंद असते म्हणून काही जणींना आराम पडतो. तो उपचार नव्हे.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर गुंतागुंतीच्या आजाराचा क्रम ठरलेला असतो. बेंबीतून दुर्बीण, पोटात कार्बन डायऑक्साइड, डोकं खाली करून टेबल तिरकं. आत पाहावं तर गर्भाशयामागची जागा नाहीशी झालेली असते. दोन्ही बीजकोश मध्ये ओढले जाऊन एकमेकांना भिडलेले, गुदाशय वर येऊन गर्भाशयाच्या पाठीला डकवल्यासारखा. सरळ त्या गाठीवर चालून जायचं नसतं. आधी डाव्या कुशीला चिकटलेलं मोठं आतडं सोडवायचं, जिथे शरीररचना अजून शाबूत आहे तिथे, म्हणजे ओटीपोटाच्या काठावर, मूत्रवाहिनी शोधायची. हलका स्पर्श केला की ती गांडुळासारखी आकसते आणि ओळख पटते. तिचा माग काढत खाली उतरायचं. गुदाशयाच्या दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागा उघडायच्या, मूत्राशयाकडे जाणाऱ्या नसा वाचवायच्या; त्या दुखावल्या तर रुग्णाला पुढे लघवी करण्यासाठी नळीचा आधार घ्यावा लागू शकतो. हे सगळं झाल्यावर मग मधली गाठ. गुदाशयावरून ती तासायची, गोल चकती काढायची की आतड्याचा तुकडाच कापायचा, याचा निर्णय आतड्याच्या सर्जनला सोबत घेऊन. मूत्ररोगतज्ज्ञही हाकेच्या अंतरावर हवेत. एकट्याने सगळं जमतं म्हणणाऱ्यापासून जपून असावं.

ऑपरेशन न करण्याचा निर्णयही याच पेशाचा भाग आहे. चॉकलेट सिस्ट सोलून काढताना निरोगी बीजांचाही काही साठा जातो, म्हणून मूल हवं असणाऱ्या स्त्रीचा एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) पाहिल्याशिवाय सुरी उचलू नये. युरोपीय तज्ज्ञसंस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार केवळ निदानासाठी दुर्बीण घालणं आता पहिली पायरी राहिलेली नाही. लक्षणं आणि चित्रतपासणीवरून हार्मोनची गोळी सुरू करता येते. गोळीने पुष्कळ जणींचं भागतं. तिने आजार नाहीसा होत नाही, दबून राहतो, हे मात्र आधीच सांगितलेलं बरं. याउलट पिशवी काढली की विषय संपला, ही समजूत चुकीची आहे. गुदाशयावरचा आजार तसाच ठेवून गर्भाशय काढलेल्या, तरीही कळा सोसणाऱ्या स्त्रिया ओपीडीत नित्य दिसतात.

पैशाचं गणित या कामाच्या विरोधात आहे. एका अवघड ऑपरेशनच्या वेळेत तीन-चार सोपी होतात. विम्याच्या कागदावर निदानाशेजारी ‘वंध्यत्व’ शब्द दिसला की दावा अडकतो, कारण अनेक पॉलिसींत वंध्यत्वाचे उपचार वगळलेले असतात. तरुण डॉक्टर या वाटेला का येत नाहीत, याचं निम्मं उत्तर इथे आहे. उरलेलं निम्मं असं की, निकाल कळायला वर्षं जातात. सिझेरियनचं यश त्याच मिनिटाला रडतं. इथे टाके सुकल्यावर पुढच्या कित्येक पाळ्यांचा हिशेब ठेवावा लागतो, काही जणींना ओटीपोटाच्या स्नायूंसाठी फिजिओथेरपी लागते, आणि काहींचा आजार परत येतो.

परत आलेल्या रुग्णाच्या बाबतीत नव्या सर्जनला सर्वांत जास्त उपयोगी पडते ती जुनी फाइल. म्हणून वाचकांना एक विनंती. स्वतःचं किंवा लेकीचं असं ऑपरेशन झालं असेल, तर डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. ऑपरेशनच्या सविस्तर नोंदी आणि पॅथॉलॉजीचा अहवाल मागून घ्या, रेकॉर्डिंग केलं असेल तर पेनड्राइव्हवर तेही. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितलेली कागदपत्रं ७२ तासांत देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे.