दुपारी तापवलेलं पाणी

आमचं घर खडकीत, बाजारापासून थोडं आत. बाबा ॲम्युनिशन फॅक्टरीत नोकरीला होते. 1869 साली सुरू झालेल्या या कारखान्याच्या पाळ्यांनी खडकीतल्या कितीतरी घरांना पहाटे उठायची सवय लावली. बाबा निवृत्त झाले, पण सहाच्या आत आंघोळ हा नेम सुटला नाही. त्यामुळे आमच्याकडे गरम पाण्याची खरी गरज पडते ती दिवसातल्या सर्वांत गार वेळी.

आधी बंब होता, मग गिझर आला. गच्चीवर सोलर बसवावा असं फार मनात होतं, पण शेजारच्या जुन्या पर्जन्यवृक्षाची सावली हिवाळ्यात बराच वेळ गच्चीवर असते. झाडाला हात लावायचा प्रश्नच नव्हता. म्हणून 200 लिटर टाकीचा हीटपंप घेतला.

हे यंत्र म्हणजे उलटा लावलेला फ्रीज. फ्रीज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. हीटपंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून टाकीतल्या पाण्याला देतो. वीज लागते ती कॉम्प्रेसर आणि पंखा चालवण्यापुरती. चालू असताना पंख्यासमोर हात धरला की गार झोत लागतो आणि खालच्या नळीतून पाणी ठिबकत असतं. ते हवेतल्या बाष्पाचं पाणी.

एक युनिट विजेची सगळी उष्णता पाण्यात उतरली, तर 86 लिटर पाणी 10 अंशांनी तापतं. गिझरची मजल इथेच संपते. हीटपंप तेवढ्याच विजेत अडीच ते चारपट काम करतो, कारण बाकीची उष्णता हवेतून मिळते. मात्र ही पट कायम एकच राहत नाही. बाहेरची हवा जितकी गार आणि पाणी जितकं कढत हवं, तितका कॉम्प्रेसरला जोर जास्त लागतो.

आमच्याकडे हीटपंपला वेगळा सब-मीटर आहे, म्हणून हे नीट दिसलं. मे महिन्यात दिवसाला पाऊण युनिटात भागायचं. डिसेंबरात साडेतीन युनिटं जायला लागली. आईला वाटलं, यंत्र बिघडलं. बिघडलं काहीच नव्हतं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मेमध्ये 29 अंशांच्या आसपास असतं, ते थंडीत 19 वर येतं. उन्हाळ्यात एक बादली पुरते, थंडीत दोन लागतात, भांडी घासायलाही गरम पाणी हवं असतं. हे सगळं एकाच महिन्यात अंगावर येतं.

त्यात वेळेचा भाग मोठा होता. बसवणाऱ्याने 60 अंश आणि पहाटे चार अशी सेटिंग करून दिली होती. मुळेच्या काठामुळे आमच्याकडची पहाट बोचरी. दहा-अकरा अंशांच्या हवेतून उष्णता खेचून पाणी 60 पर्यंत न्यायचं म्हणजे यंत्राची दमछाकच. शिवाय दोघातिघांच्या आंघोळी झाल्या की टाकीत गार पाणी शिरायचं आणि आतली विजेची कॉइल आपोआप लागायची. कॉइल म्हणजे निव्वळ गिझर. सब-मीटरचा लाल दिवा भराभर लुकलुकायला लागला की समजायचं, कॉइल चालू झाली.

माझा मामेभाऊ जर्मनीत असतो. त्याचं अख्खं घर हीटपंपवर गरम राहतं. बाहेर शून्याखाली पारा असताना जाळीवर बर्फ धरतं आणि ते वितळवायला यंत्र अधूनमधून उलटं चालतं. तरी फरशीखालच्या नळ्यांतून 35 अंशांचं पाणी फिरवून भागतं, म्हणून खर्च आवाक्यात असतो. आमचे आकडे ऐकून त्याने विचारलं, "ताई, तुमच्याकडे दुपारी किती असतं?"

उत्तर होतं, 29. पुण्याच्या हिवाळ्याचा हा मोठा गुण आहे. पहाटे पारा 10 पर्यंत उतरला, तरी दुपारी ऊन चांगलं तापतं. मी टायमर दुपारी एकला लावला, तापमान 50 वर आणलं आणि कॉइल बंद ठेवली.

बाबांना काळजी वाटली. "दुपारचं पाणी सकाळपर्यंत टिकेल का गं?" टाकीच्या पत्र्यांमध्ये फोमचा जाड थर असतो. संध्याकाळी 50 दाखवणारा आकडा पहाटे 46 वर होता. आंघोळीला 40-41 अंश पुष्कळ होतात, म्हणजे विसण घालावंच लागतं. वापर दिवसाला सव्वादोन युनिटांवर आला. याच पाण्याला गिझरने सहाच्या वर युनिटं घेतली असती. पाहुणे आले तर टाकी पुरत नाही, तेव्हा तेवढ्यापुरती कॉइल लावते. आठवड्यातून एकदा पाणी 60 पर्यंत नेते, कारण कोमट पाणी साठून राहिलं तर त्यात जंतू वाढू शकतात.

बिलाच्या दृष्टीनेही ही बचत महत्त्वाची. महावितरणचा 100 युनिटांपर्यंतचा दर आणि त्यापुढचा दर यांत मोठं अंतर आहे; हिवाळ्यातली जास्तीची युनिटं नेमकी वरच्या दरात जातात. शिवाय 1 जुलै 2025 पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतल्या वापरावर सवलत आहे. म्हणजे यंत्राला सोयीची वेळ तीच स्वस्त विजेचीही.

हीटपंप घ्यायचा विचार करणाऱ्यांना मी दोन गोष्टी आग्रहाने सांगते. सब-मीटर लावून घ्या, आणि टाकी अशी घ्या की दुपारी तापवलेलं पाणी सकाळच्या सगळ्या आंघोळींना पुरेल. जर्मनीतल्या जानेवारीत अशी दुपार मिळत नाही. आपल्याला ती जवळजवळ रोज मिळते. पाणी तेव्हाच तापवावं.