कोपर द्या, मॅडम!

मी त्याचा हात धरला आणि जवळजवळ ओढतच निघाले. सोमवारची सकाळ, साडेनऊची वेळ, अंधेरीतल्या आमच्या ऑफिसच्या लॉबीचं नेहमीसारखं दादर स्टेशन झालेलं. तो डेटा टीममधला नवा मुलगा. पहिलाच दिवस, हातात पांढरी काठी. एचआरने मला सांगितलेलं, ‘जरा वर घेऊन ये हं त्याला.’ म्हटलं, त्यात काय एवढं!

चार पावलांवर तो थांबला. ‘मॅडम, मी पळून नाही जाणार,’ हसतच म्हणाला. ‘हात सोडा. तुमचं कोपर द्या.’

कोपर? हो, कोपर. त्याने ते मागून हलकंच धरलं. मी अर्धं पाऊल पुढे, तो मागे. मी वळले की त्याला वळण कळतं. पायऱ्या आल्या की चढायच्या की उतरायच्या, तेवढं तोंडाने सांगायचं. आणि ‘इकडे-तिकडे’ नाही, ‘डावीकडे-उजवीकडे’. (खरं सांगते, घाईत माझंच डावं-उजवं चुकतं.)

सिक्युरिटीवाल्याने मला विचारलं, ‘साहेबांचं आयडी आहे का?’ साहेब शेजारीच उभे!

फरशीवरच्या पिवळ्या टाइल्स मला आजवर डेकोरेशन वाटायच्या. लांब रेघा म्हणजे ‘चालत राहा’, गोल ठिपके म्हणजे ‘थांब, पुढे काहीतरी आहे’. जपानच्या सेइची मियाके यांची ही कल्पना, १९६७ मध्ये ओकायामा शहरात त्या पहिल्यांदा बसवल्या, हेही त्यानेच सांगितलं. आमच्या रेघा मात्र थेट बॅगा तपासायच्या मशीनवर जाऊन आदळत होत्या.

मग लिफ्ट. आमच्या लिफ्टमध्ये बटणंच नाहीत. बाहेर टचस्क्रीनवर मजला टाकायचा, स्क्रीन सांगतो ‘सी’, की सी लिफ्टमध्ये शिरायचं. एकदम कूल! त्याने त्या गुळगुळीत काचेवरून बोटं फिरवली. ना उठाव, ना आवाज.

‘हे कोणी निवडलं?’

मी. अ‍ॅडमिनमध्ये आहे ना. रिनोव्हेशनच्या वेळी कॅटलॉग माझ्याकडेच आले होते. जुन्या लिफ्टची ब्रेल ठिपक्यांची बटणं मला चक्क ‘डाऊनमार्केट’ वाटली होती. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा, जो खासगी ऑफिसांनाही लागू आहे, त्याची प्रत त्याच फाइलमध्ये होती. पानं उलटली, सही ठोकली.

कानशिलं तापली, पण सांगून टाकलं. तो म्हणाला, ‘बरं झालं. तक्रार कुणाकडे करायची, ते शोधायला नको.’

या गोष्टीला तीन आठवडे झाले. ब्रेल आणि आवाज असलेल्या कीपॅडचं कोटेशन बॉसच्या टेबलावर पडून आहे. तोवर मी रोज साडेनऊला लॉबीत कोपर घेऊन हजर. त्याला ते फारसं आवडत नाही. काल म्हणालाच, ‘कोपर छान आहे मॅडम, पण मला बटणं हवीत. तुम्ही रजेवर गेलात की मी काय करू?’

आज चार वाजता बॉससोबत मीटिंग आहे. कॉन्फरन्स रूम बुक केली नाही. लॉबीतच बोलावलंय त्यांना, त्या काचेसमोर.