लग्नातले चार शब्द

लग्नसराई आली की कृषी खात्यातल्या माणसाकडे बियाण्याच्या चौकशीबरोबर आणखी एक मागणी येते. "साहेब, वधूवरांना आशीर्वादपर चार शब्द बोला." सोलापूर जिल्ह्यात हिंडताना अशी भाषणे मी पुष्कळ केली आणि त्याहून पुष्कळ ऐकली. बहुतेकांत निम्मा वेळ पाहुण्यांची नावे घेण्यात जातो. उरलेल्यात पाऊस, बाजारभाव आणि निवडणूक! वैशाखाच्या उन्हात मुठीतल्या अक्षता घामाने भिजतात, मुहूर्त टळतो, आणि नवरानवरीबद्दल एक अक्षर होत नाही.

मंगळवेढ्याकडच्या एका लग्नात मात्र निराळे ऐकले. पुढारी बोलून झाल्यावर नवरीच्या चुलत आजोबांना उभे केले. म्हातारा माईकपासून हातभर लांबच राहिला. म्हणाला, "बाहात्तरच्या दुष्काळात ह्या पोरीची आजी खडी फोडाय जायची. मिळालेली सुकडी आपण खायची न्हाई, पदरात बांधून लेकरांस्नी आणायची. त्यातलं धाकटं म्हंजे हिचा बाप. पोरी, ते हात इसरू नगंस. सुखानं नांदा."

एवढेच. मागे बायकांत बसलेली आजी पदराने डोळे पुसू लागली. अक्षता पडल्यावर नवरी आधी तिच्याच पाया पडली. १९७२ च्या दुष्काळात आपल्या भागातल्या कितीतरी बायांनी असेच दिवस काढले. पण त्यांचे कष्ट चारचौघांत कोण बोलून दाखवतो?

कोरडवाहू रब्बी ज्वारीच्या दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवा, असे आम्ही सांगतो. दाट पेरली तर ओल पुरत नाही, कणसे भरत नाहीत. बोलण्याचेही तसेच आहे. कार्य ज्यांचे आहे त्यांच्याविषयी एकच खरी गोष्ट सांगावी, ज्यांनी खस्ता खाल्ल्या त्यांचे नाव घ्यावे आणि आशीर्वाद देऊन बसावे. देण्याघेण्याचा हिशेब, जुनी भांडणे, घरावरचे कर्ज हे विषय मांडवाबाहेर ठेवावेत.

सोलापुरात संक्रांतीच्या सुमारास श्रीसिद्धेश्वरांच्या यात्रेत अक्षता सोहळा होतो. सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह प्रतीकरूपाने लागतो. सातही नंदीध्वज संमती कट्ट्याजवळ येतात, संमती वाचली जाते आणि हजारो हात एकदम अक्षता उधळतात. एवढ्या गर्दीत कुणाला काही समजावून सांगावे लागत नाही. वाचणारा एक असला तरी शब्द सगळ्यांचे असतात. लग्नातला आशीर्वादही असाच सगळ्यांचा असावा.

आपल्या बायामाणसांना हे मुळात ठाऊक आहे. उखाणा सुरू झाला की सारा मांडव कान देतो, आणि दोन ओळींत काम होते. तेव्हा यंदा घरी कार्य निघाले, तर पाहुण्यांच्या आधी माईक घरातल्या आजीच्या हाती द्या. ती नको नको म्हणेल. तरी आग्रह करा.