दुसरा तास

तीन तासांच्या पेपरात पहिला तास उत्साहावर निघून जातो आणि तिसरा घाईवर. मधला तास मात्र ज्याचा त्याला ओढावा लागतो. उत्तर येत नसेल तर गुण जाणारच, त्याचं दुःख वेगळं. पण येत असलेलं उत्तर चुकतं, वजाचं चिन्ह सुटतं, 'चूक विधान ओळखा' असं विचारलेलं असताना बरोबर विधान लिहिलं जातं, ते बहुतेक वेळा या मधल्या तासात.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत वाढलेल्या आणि आता बोर्डाच्या परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून वर्गात उभ्या राहणाऱ्या एका शिक्षिकेची या तासाशी जुनी ओळख आहे. पहिली गाठ पडली ती चौथीच्या स्कॉलरशिपला. उतारा एकदा वाचला, पुन्हा वाचला, तरी डोक्यात शिरेना. घरी आल्यावर ज्याने त्याने एकच सांगितलं, "लक्ष द्यायचं गं जरा." लक्ष म्हणजे जणू दप्तरातली वस्तू, विसरली म्हणून राहून गेली! तिला समजून घेतलं ते फक्त आजोबांनी. त्यांचं आयुष्य गिरणीत मागावर गेलेलं. ते म्हणाले, "पाळी संपत आली की तुटलेला धागा समोर असून दिसत नाही, बाळ. त्यात तुझी काय चूक?"

हे एका आजोबांनी नातीची समजूत काढायला म्हटलेलं वाक्य असलं, तरी त्यामागे कापडाच्या धंद्याचा मोठा अनुभव आहे. सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ साली उभी राहिली, आणि पुढची कित्येक दशकं या शहराचा दिवस भोंग्यावर उगवला नि मावळला. ब्रिटनमध्ये १९१८ साली कामगारांच्या थकव्याचा अभ्यास करायला एक सरकारी मंडळ नेमलं गेलं, त्यानेही कापड गिरण्यांतलं काम बारकाईने तपासलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर तासन्‌तास नजर ठेवणाऱ्यांच्या हातून खुणा का निसटतात, हा प्रश्न पुढे आला. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने माणसांना घड्याळासारख्या तबकडीसमोर बसवलं. तिच्यावरचा काटा एरवी एकेक घर सरकायचा, क्वचित एकदम दोन घरं. ती दुहेरी उडी टिपायची, एवढंच काम. पहिल्या अर्ध्या तासातच माणसं उड्या चुकवू लागली. मध्ये थोडी विश्रांती मिळाली की नजर पुन्हा ताजी व्हायची. हे संशोधन १९४८ साली प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी भारतात कारखाना कायदा आला. किमान अर्ध्या तासाच्या सुट्टीशिवाय प्रौढ कामगाराला सलग पाच तासांहून जास्त राबवायचं नाही, असं त्याचं ५५ वं कलम सांगत होतं. कष्टकऱ्याचा थकवा देशाने कायद्यात लिहून मान्य केला. विद्यार्थ्याचा थकवा मात्र आपण अजून आळसातच मोजतो.

या शिक्षिकेची दहावी-बारावीची वर्षं भारनियमनाची होती. रात्री दिवे जायचे, पंखा थांबायचा आणि घर तापलेल्या तव्यासारखं व्हायचं. मग पहाटे माळवदावर सतरंजी टाकून वाचन. खालच्या गल्लीत पाणी भरणाऱ्यांची मराठी, कन्नड, तेलुगू अशी मिसळलेली बोलणी चाललेली असायची, पण त्या गलबल्यात तिचं चित्त लागायचं. चित्त विचलित व्हायचं ते शांत परीक्षा वर्गात. याचं कारण बारावीच्या एका सरांनी हेरलं. ते रविवारी मुलांना बोलवायचे आणि भौतिकशास्त्राचा सत्तर गुणांचा पूर्ण पेपर, पूर्ण तीन तास, पुरवण्या बांधण्यासकट लिहून घ्यायचे. तोवर तिने उत्तरं पाठ केली होती, पण सलग तीन तास कधी लिहिलं नव्हतं. मनगट भरून येतं, अंगठा बधिर होतो, पाठीला रग लागते, हे शरीराला तिथे पहिल्यांदा कळलं. प्रत्येक मोठ्या प्रश्नानंतर पेन खाली ठेवून बोटं मोकळी करायची, नजर फळ्यापर्यंत लांब न्यायची, घोटभर पाणी प्यायचं, ही सवयही तिथलीच. कंटाळा आला की लांबलचक उत्तर सोडून एखादं गणित किंवा आकृती घ्यायची, हेही सर सांगायचे. कामाचा प्रकार बदलला की मरगळ हटते, याचा पडताळा कोणालाही घरबसल्या घेता येईल.

पेपरच्या दिवशी आई सकाळी भाकरी, शेंगाचटणी आणि दही वाढायची. शिरा, पुरी असलं जड काही नाही. पोट गच्च भरलं की बाराच्या सुमाराला पेंग येते, हे तिला कोणत्या पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं.

सोलापुरातल्या अभ्यासू मुलांना डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची गोष्ट सांगितली जातेच. १९१० साली याच शहरात जन्मलेले कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. १९४० मधल्या एका लढाईत त्यांनी न झोपता सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याचं सांगितलं जातं. ही गोष्ट ऐकून तिनेही एकदा रात्रभर जागून पाहिलं, आणि सकाळच्या पेपरात ओळखीची व्याख्यासुद्धा आठवेना. कोटणीसांसमोर जखमी सैनिकांची रांग होती, पर्याय नव्हता. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले तेव्हा वय अवघं ३२ होतं. त्या माणसाच्या त्यागाचा आदर करावा तेवढा थोडा आहे. पण ज्या मुलाला पर्याय आहे, त्याची झोप त्या गोष्टीच्या जोरावर हिरावून घेणं साफ चूक आहे. वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेतच.

आता ती वर्गाच्या दुसऱ्या टोकाला उभी असते. अकराला पेपर सुरू होतो. साडेबाराच्या आसपास वर्गाचा आवाज बदलतो. पेनांची सळसळ मंदावते, कुणी हातावर डोकं टेकवतं, कुणी एकाच ओळीवर थिजून बसतं. पर्यवेक्षकाला काही सांगता येत नाही, पण खिडकी उघडता येते, पंखा वाढवता येतो, पाण्याची बाटली पुढे करता येते. एवढं ती न चुकता करते. २०२३ पासून बोर्डाने पेपरच्या शेवटी दहा मिनिटं वाढवून दिली आहेत. ती मिनिटं नवं लिहिण्यापेक्षा लिहिलेलं तपासण्यात घालवावीत, असं ती आपल्या विद्यार्थ्यांना वर्षभर बजावते.

वर्गात दिसणारा हा थकवा आकड्यांतही दिसतो. डेन्मार्कमधल्या शाळकरी मुलांच्या सुमारे २० लाख चाचण्या तपासल्यावर दिसलं की दिवस जसजसा चढतो तसतसे गुण तासागणिक थोडे उतरतात, आणि चाचणीआधी वीस-तीस मिनिटांची सुट्टी मिळाली की सावरतात. न्यूयॉर्कच्या शालान्त परीक्षांच्या अभ्यासात कडक उन्हाच्या दिवशी तीच मुलं कमी गुण मिळवताना आढळली. आणि आपल्याकडे वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' होते ती मे महिन्यात, दुपारी दोन ते पाच, म्हणजे सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो नेमक्या त्या वेळात. दीड वाजता फाटक बंद होतं, म्हणून मुलं त्याच्याही कितीतरी आधीपासून उन्हात ताटकळतात. वर्षभर राबलेल्या मुलाची अर्धी ताकद फाटकाबाहेरच संपते.

परीक्षेची वेळ दिल्लीत ठरते, ती सोलापुरात बदलता येणार नाही. पण केंद्राच्या फाटकाबाहेर मांडव घालणं, गार पाण्याचे माठ ठेवणं, वर्गातले पंखे आदल्या दिवशी चालवून पाहणं हे शाळांच्या, महापालिकेच्या आणि पेठेतल्या मंडळांच्या हातात आहे. गणपतीत आणि गड्ड्याच्या यात्रेत राबणारे हात या शहरात कमी नाहीत. यंदाच्या मे महिन्यात त्यांनी एक दुपार या मुलांसाठी द्यावी, आणि आईबाबांनी आदल्या रात्री दहा वाजता दिवा बंद करावा.