अहो, उगवलं!

अहो, उगवलं! मी पेरलं, मी! जिच्या हातून निवडुंगसुद्धा गेला, तिने बी पेरलं आणि ते उगवलं, वाढलं, आणि आता गच्चीवर असा काही रंग सांडलाय की मी दातसुद्धा तिथेच उभी राहून घासते!

आधीच सांगून टाकते, मला बागकामातलं ओ की ठो कळत नाही. नर्सरीतून फुललेली कुंडी आणायची, मायेनं पाणी घालघालून पंधरा दिवसांत तिला निरोप द्यायचा, एवढाच माझा अनुभव. त्यात आम्ही सोलापूरकर! नळाला पाणी चार-पाच दिवसांनी आणि मार्चपासून ऊन असं की गच्चीवर पापड वाळवावेत. फुलं कसली फुलवताय?

तर संक्रांतीला बार्शीहून आत्या आली आणि तिळगुळाबरोबर तीन पुड्या हातात ठेवल्या. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं डिसेंबरचं पान, त्याचे तीन तुकडे, त्यात बी! म्हणाली, “अगं, उगवेपर्यंत जप, मग विसर. यांना लाड चालत नाहीत.”

पहिली पुडी उघडली आणि मला वाटलं, आत्याने चुकून तपकीर दिली! करडी, शिशासारखी चमकणारी भुकटी. ते चिनी गुलाबाचं बी! ऑफिस टाईम म्हणतो ना आपण, सकाळी ऊन आलं की हजर आणि दिवस कलला की टेबल आवरून घरी, तेच! मी एकेक बी मोजायला बसले आणि मग शिंक आली आणि मग अर्धी बाग फरशीवर गेली आणि मग मी उरलेलं बी चिमूटभर वाळूत कालवून कुंडीत भुरभुरलं, चाट मसाला भुरभुरतो तसं. वरून माती घालायचीच नाही! त्याला उगवायला उजेड लागतो. मला कुणी सांगितलंच नव्हतं, इतकी वर्षं मी सगळं बी गाडतच होते!

दुसऱ्या पुडीत झिनिया, चपटी, बाणाच्या टोकासारखी. तिसरीत पिवळा कॉसमॉस, काळपट, वाकडा, सुईसारखा. कुंड्या कमी पडल्या म्हणून तेलाचा डबा आणि फुटकी बादली घेतली, बुडाला भोकं पाडली. आपली काळी माती पाणी धरून बसते, म्हणून तिच्यात भरपूर वाळू मिसळली. आणि मग वाट पाहणं! नवरात्रात घटाला पेरलेलं धान्य उगवताना जन्मभर पाहिलंय, तरी मी दिवसातून दहा वेळा गच्चीवर. घरातले म्हणाले, तिथेच गादी टाकून देऊ का?

सहाव्या दिवशी झिनिया! दोन पानं वर आलेली आणि एका पानाच्या टोकाला बियाचं टरफल अजून अडकलेलं, टोपी काढायची विसरून घरात शिरलेल्या पाहुण्यासारखं! मी घरभर ओरडत सुटले. मग कॉसमॉस. मग बाराव्या दिवशी, आशा सोडल्यावर, चिनी गुलाब, टाचणीच्या डोक्याएवढा!

आणि आता खरी गंमत. रोपं बोटभर होईपर्यंत माती ओलसर ठेवली, तेवढंच. मग पाणी तुटलं, मी घाबरले, आणि त्यांना काहीच झालं नाही! उलट कॉसमॉसच्या एका डब्यात मी कौतुकानं शेणखत ओतलं होतं, तिथे नुसती पानं माजली, आणि ज्या डब्याकडे ढुंकून पाहिलं नाही तो कळ्यांनी भरला. झिनियाच्या पानांवर रोज पाणी शिंपडलं तर भुरी धरली, बुडाशी घालायला लागले तर सुधारली.

मला अपराधी वाटत होतं. मग वाचलं की आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातही झिनिया लावली होती आणि तिथेही दमट हवेनं आणि जादा पाण्यानं तिला बुरशी आली! शेवटी स्कॉट केली या अंतराळवीरानं, पाणी कधी घालायचं ते वेळापत्रक नको, रोप बघून मी ठरवतो, असं म्हटलं, आणि जानेवारी २०१६ मध्ये ती फुलली. म्हणजे पाणी घालघालून रोपांना छळणारी मी एकटी नाही, नासासुद्धा आहे!

चिनी गुलाब तर अजबच. आपल्या घोळाच्या भाजीचा हा चुलतभाऊ, तशीच गुबगुबीत पानं, त्यांत पाणी साठवलेलं. तहान फार झाली की तो रात्रीही हवा आत घेऊन ठेवतो, म्हणजे दिवसा उन्हात पानांची भोकं फार उघडी ठेवायला नको. काय डोकं आहे! आणि ऐका, फुलाच्या मधल्या केसरांना काडीनं हळूच स्पर्श करा. हलतात! खरंच हलतात! मी नवऱ्याला उठवून दाखवलं. रविवार होता, तरी उठला.

आणि फूल सुकलं की मागे राहते एक बोंडी, ज्वारीच्या दाण्याएवढी. तिला झाकण असतं! कमरेपाशी चीर पडते, टोपण उडतं आणि आत वाटीभर शिसं! तिथे मला तपकिरीची पुडी आठवली आणि मी एकटीच हसले.

तुम्ही अजून वाचताय? उठा! शेजारणीच्या कुंडीत एखादी सुकून तपकिरी झालेली झिनिया असेल. मागून घ्या, असल्या फुलाला कोणी नाही म्हणत नाही. एकेक वाळलेली पाकळी ओढा, तिच्या टोकाला बी चिकटलेलं येईल. तेवढं पेरा. आणि मग कृपा करून पाणी बेतानं घाला.

माझ्याकडे पुड्या तयार आहेत. कॅलेंडरची जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चची पानं संपली. एप्रिलचं उद्या फाडते.