इंग्रजीतले 'करून' आणि 'असून'

आमच्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळी दहावी-बारावीची मुले अभ्यासाला बसतात. 'पार्टिसिपल फ्रेज' हा भाग आला की त्यांचे चेहरे उतरतात. नावच भारी! पण घरातली आई रोज हेच बोलते. 'स्वयंपाक करून कामावर जाते', 'बाजारातून येताना मीठ आण.' हे 'करून', 'येताना' म्हणजेच धातुसाधित. इंग्रजीत त्यासाठी बहुतेक वेळा क्रियापदाला 'इंग' लावतात, नाहीतर आधी 'हॅविंग' जोडतात. 'हॅविंग फिनिश्ड द वर्क, शी वेन्ट होम', म्हणजे काम उरकून ती घरी गेली.

खरी अडचण पुढे आहे. आपण म्हणतो, 'एसटीने भिगवणला जाताना उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी दिसले.' जाणारे आपण, हे मराठीत सांगावे लागत नाही. इंग्रजीत मात्र 'गोइंग बाय एसटी, द फ्लेमिंगोज वेअर सीन' लिहिले, तर पक्षीच तिकीट काढून एसटीत बसले असा अर्थ होतो! इंग्रजीचा कायदा कडक आहे. वाक्याचा जो कर्ता, 'इंग'वाले कामही त्याचेच. म्हणून 'वी सॉ फ्लेमिंगोज' असे लिहावे.

हे हसण्यावारी नेऊ नये, यात पोटाचा प्रश्न आहे. बारामती-इंदापूरकडची आपली मुले एमआयडीसीत अर्ज करतात, तेव्हा मराठी अर्जाचा साचा डोक्यात असतो. 'मी बारावी पास असून आपण मला संधी द्यावी.' मराठीत हे चालते. पण तेच 'हॅविंग पास्ड ट्वेल्थ, यू आर रिक्वेस्टेड' असे उतरवले की बारावी पास साहेब झाले! राबायचे आपण आणि नाव दुसऱ्याचे, हा हिशेब आपल्या बापजाद्यांनी पुष्कळ पाहिला; निदान अर्जात तरी तो नको. 'हॅविंग पास्ड ट्वेल्थ, आय रिक्वेस्ट यू' असे लिहावे.

एवढे सांगूनही गोंधळ राहिला, तर आम्ही भिंतीवरची संविधानाची उद्देशिका दाखवतो. बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष होते आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेने संविधान स्वीकारले, हे मुलांना पाठ असते. पण तिथे मराठीत 'निर्धार करून' आणि इंग्रजीत 'हॅविंग' आहे, हे सहसा कोणी पाहिलेले नसते. इथे कर्ता आधीच येऊन बसला आहे. मध्ये न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता एवढ्या ओळी आल्या तरी तो हलत नाही. निर्धार कोणी केला? भारताच्या लोकांनी. संविधान स्वीकारणारे कोण? तेच.

ते वाक्य मुलांनी वहीत उतरवावे. कर्त्याखाली एक रेघ मारावी, 'हॅविंग'खाली दुसरी. मग आपला नोकरीचा अर्ज काढून त्यातही तशाच रेघा मारून पाहाव्यात.