लाईट गेल्यावरही फिरणारी काठी

घरी मासे गरवायची काठी बांधायला निघालेल्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काका, मोटर किती आरपीएमची घेवची?" माझ्या हिशेबात हा प्रश्न दुसरा. कोकणातल्या आमच्या आचरा गावात बसून काठी बांधायची, तर पहिला प्रश्न असा, की लाईट गेल्यावर ती मोटर काय करणार?

मागच्या पिढ्यांना मोटर लागतच नव्हती. आमच्या जिल्ह्यातला माणगा बांबू पोटाने जवळजवळ भरीव. तो तोडायचा, सावलीत सुकवायचा, विस्तवावर शेकून वाक काढायचा आणि तेलाचा हात फिरवायचा. तेलाचा थर इतका पातळ, की ओघळणार काय? आता काठी ग्लास फायबरच्या किंवा कार्बनच्या पोकळ नळीची असते. तिच्यावर गाईड, म्हणजे तंगूस ज्यांतून धावतो त्या कड्या, नायलॉनच्या दोऱ्याने आवळून बसवायच्या आणि त्या दोऱ्यावर दोन भागांचं इपॉक्सी चढवायचं. ते घट्ट व्हायला चार-सहा तास घेतं. तेवढ्या वेळात काठी स्थिर राहिली, तर सगळा माल खालच्या बाजूला जमतो आणि सुकल्यावर तिथे कायमचं पोट सुटतं. चमच्यावर घेतलेली काकवी सांडू नये म्हणून आपण चमचा गोल फिरवत राहतो, तेच काम इथे मोटरने करायचं.

किती वेगाने, याचं गणित होऊन गेलेलं आहे. फिरत्या आडव्या दांड्यावर दाट द्रवाचा किती थर टिकतो, हे कीथ मॉफॅट या ब्रिटिश गणितज्ञाने १९७७ साली मांडलं. त्याचं सार माझ्या कामापुरतं सांगतो. पेलता येणारी जाडी वेगाच्या वर्गमुळाने वाढते. म्हणजे जाडी दुप्पट हवी, तर वेग चौपट करावा लागतो. नेहमीच्या दाटपणाचं इपॉक्सी आणि सेंटीमीटरभर जाडीची काठी धरली, तर मिनिटाला सहा फेऱ्यांतसुद्धा चांगला एक तृतीयांश मिलिमीटर थर टिकतो. एका हाताला त्याहून जाड थर कोणी देऊच नये. काठी जितकी बारीक तितका हा आकडा खाली येतो, म्हणून टोकाकडच्या गाईडांवर हात हलका ठेवायचा. उलट टोकाला जाऊन पाहिलं, तर त्याच काठीवर केंद्रापासून दूर फेकणारा जोर गुरुत्वाकर्षणाची बरोबरी करतो तो मिनिटाला चारशेहून थोड्या जास्त फेऱ्यांना. तिथवर जायचं कारणच नाही. पाच ते वीस यांतला कुठलाही वेग चालतो. नऊ चांगला की बारा, यावर तासभर वाद घालणाऱ्यांना मी चहा पाजतो आणि आपल्या कामाला लागतो.

मग मोटर कुठली? सगळ्यात सहज मिळणारी, बिघडलेल्या मायक्रोवेव्हमधली, ताटली फिरवणारी. तिच्यावर ५/६ असा आकडा असतो, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर पाच फेरे आणि ६० हर्ट्झवाल्या देशांत सहा. ही सिंक्रोनस जातीची. तिचा वेग व्होल्टेजवर नाही, विजेच्या हर्ट्झवर बांधलेला. संध्याकाळी व्होल्टेज पडून पंखा रडायला लागतो, तेव्हाही ही आपल्या पाच फेऱ्यांवर ठाम असते. ब्रश नाहीत, आवाज नाही. सुरू होताना कधी उजवीकडे फिरते, कधी डावीकडे, पण काठीला दिशेचं काही देणंघेणं नसतं. जोडण्याआधी लेबल मात्र वाचा. यातल्या काही मोटरी २१ व्होल्टच्या असतात, त्या घरच्या प्लगात घातल्या की संपल्या.

दुसरी म्हणजे गणपतीच्या मागचं चक्र फिरवणारी. श्रावणात बाजारात दिसते. तीही बऱ्याचदा सिंक्रोनसच निघते, फक्त वेग बघून घ्यायचा. तीस किंवा साठ फेऱ्यांची मिळाली तर थर बिघडणार नाही, पण ब्रश टेकवताना हात घाईला येतो आणि इपॉक्सीत बुडबुडे शिरतात.

या दोन्ही मोटरींचा दोष एकच. लाईट गेली की त्या थांबतात. पावसाळ्यात आमच्याकडे माडाची झावळ तारेवर पडली की वीज कधी येईल ते सांगता येत नाही. इपॉक्सी तासाभराचं असताना वीज गेली, तर दर पाच-दहा मिनिटांनी काठी हाताने अर्धा फेरा फिरवत बसायचं. रात्री दोन वाजता हे कोण करणार?

म्हणून माझं मत १२ व्होल्टच्या गिअर मोटरला. शाळा-कॉलेजातली मुलं रोबो बनवायला वापरतात तीच, दहा फेऱ्यांची, धातूच्या गिअरची. मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळते, आता घरपोचही येते. तिला १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची, यूपीएसमध्ये असते ती बॅटरी जोडायची आणि बॅटरीला चार्जर कायम लावून ठेवायचा. काठीचं ओझं एवढंसं असतं, की मोटर फार तर पाव-अर्धा अँपिअर ओढते. लाईट गेलेली मोटरला कळतही नाही, रात्र निघून जाते. हिचे ब्रश झिजतात, हे खरं. खाऱ्या हवेत जोडांवर हिरवा गंज चढतो, तेही खरं. जोड डाग देऊन पक्के करा, वर ग्रीस लावा आणि एक मोटर जादा आणून ठेवा.

टॉर्कची काळजी लोक उगाच करतात. काठी जड नसते, ती एका बाजूला जड असते. रीळ बसवायच्या खोबणीचा भार मध्यापासून बाजूला पडतो. शंभर ग्रॅम वजन दोन सेंटीमीटर बाजूला गेलं, तरी लागणारा टॉर्क किलो-सेंटीमीटरचा पाचवा हिस्सा. काठी अडखळत फिरत असेल तर दोष बहुतेक वेळा आधारांचा. छोट्या बेअरिंगवर काठी टेकवा आणि पाणसळ लावून पाहा. एक टोक खाली असेल तर इपॉक्सी हळूहळू तिकडे सरकतं. पकडीला पीव्हीसीचं झाकण, तीन स्क्रू आणि स्क्रूंच्या टोकांना रबर एवढं पुरतं. पकड जरा सैल बरी, काठी कुठे अडलीच तर ती घसरेल आणि गिअर वाचतील.

बुचाची मूठ घासायला याच मोटरचा वेग वाढवून वापरू का, असं विचारतात. नको. तिथे शेकड्यांत फेरे लागतात, त्याला जुनं ड्रिल मशीन बरं. दोन्ही कामं करणारी मोटर दोन्हीकडे अर्धवट ठरते, शिवाय बुचाची धूळ ओल्या इपॉक्सीवर बसते ती वेगळीच.

एक गोष्ट कुठलीच मोटर सोडवत नाही, ती म्हणजे दमट हवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. नेमक्या त्याच दिवसांत खाडीवर गरवणारे काठ्या दुरुस्तीला आणतात आणि नेमकी तेव्हाच हवा पाण्याने भरलेली असते. इपॉक्सीतल्या हार्डनरची बाष्प आणि कार्बन डायऑक्साइडशी गाठ पडली की वर तेलकट, धुरकट साय येते. त्या दिवसांत मी दोरा गुंडाळून घेतो, गाईड बसवून ठेवतो, पण इपॉक्सी पाऊस उघडून दोन-तीन दिवस ऊन पडल्याशिवाय काढत नाही. गिऱ्हाईक घाईला आलंच, तर काठी लांब लाकडी पेटीत फिरवायची आणि आत जुना पिवळा बल्ब लावून पेटीतली हवा आधी तासभर कोमट करून घ्यायची. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल होऊन गावपळण ठरली, की मात्र कोणाचीच घाई ऐकायची नाही. तीन दिवस, तीन रात्री अख्खा गाव वेशीबाहेर असतो, तेव्हा बॅटरी कितीही भरलेली असली तरी काठी मोटरवर चढवायची नाही.